रहिवासी म्हणजे कोण? : काशी-क्योटोच्या निमित्ताने काही प्रश्न

१

ऐतिहासिक शहरांत पर्यटन आणि रहिवाशांचे जीवनमान यांचा समतोल साधला पाहिजे, असे हल्ली सर्वत्र म्हटले जाते. नगररचनाकार म्हणतात, मंत्री म्हणतात, वर्तमानपत्रांचे अग्रलेखही म्हणतात. म्हणणे दिसायला निरुपद्रवी आहे. तराजूच्या एका पारड्यात प्रवासी, दुसऱ्या पारड्यात रहिवासी. काटा मध्यावर आला की शहर सुखी. परंतु तराजू कोणाचा आणि पारड्यात कोणाला बसवले आहे, हे पाहिल्याशिवाय माप मान्य करायचे नाही, हा धडा आपल्या आईबापांनी सावकाराच्या ओट्यावर फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. म्हणून या लेखात मला एकच प्रश्न विचारायचा आहे. या चर्चेतला 'रहिवासी' म्हणजे नेमका कोण?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून दोन शहरे घेतो, काशी आणि क्योटो. ही जोडी मी जमवलेली नाही. ३० ऑगस्ट २०१४ रोजी भारताच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत क्योटो येथे या दोन शहरांचा भागीदारी करार झाला. वारसा जपून शहर आधुनिक कसे करावे, हे काशीने क्योटोकडून शिकावे, असा त्याचा आशय होता. तेव्हापासून 'काशीचे क्योटो' हा शब्दप्रयोग कौतुकाने आणि पुढेपुढे थट्टेनेही रूढ झाला. दोन्ही शहरे पुरातन, दोन्ही देवळांची, दोन्ही आपापल्या देशाच्या संस्कृतीची राजधानी समजली जाणारी. ही साम्ये सगळ्यांनी सांगितली. एक साम्य मात्र या कौतुकात माझ्या तरी ऐकण्यात कधी आले नाही. दोन्ही शहरांनी शतकानुशतके माणसांचा एक वर्ग अस्पृश्य ठरवून नदीकाठी आणि वेशीबाहेर ठेवला. दोन्ही शहरांचे पावित्र्य आणि सौंदर्य त्याच वर्गाच्या श्रमावर उभे राहिले. आपल्या दृष्टीने विचाराची सुरुवात या साम्यापासून झाली पाहिजे.

२

क्योटो ७९४ पासून १८६८ पर्यंत जपानच्या सम्राटांची राजधानी होती. तेथील व आसपासच्या परिसरातील सतरा वास्तू व स्थळे १९९४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. शहराची वस्ती सुमारे चौदा लाख; वर्षाला येणारे प्रवासी पाच कोटींहून अधिक. तेथील नागरिकाची तक्रार साधी आहे. कामावर जायला शहरबस पकडावी तर ती प्रवाशांनी आणि त्यांच्या पेट्यांनी भरलेली असते. गिओन भागातील गल्ल्यांत गेइशांच्या मागे छायाचित्रांसाठी धावणाऱ्यांचा इतका उपद्रव झाला, की २०२४ मध्ये तेथील खासगी गल्ल्या प्रवाशांना बंद करण्यात आल्या. नगरपालिकेने उपायही केले. २००७ मध्ये इमारतींच्या उंचीवर आणि जाहिरातफलकांवर कडक मर्यादा घातल्या. २०१८ पासून मुक्कामावर कर बसवला. पुढे तो वाढवून मार्च २०२६ पासून महागड्या हॉटेलांसाठी माणशी एका रात्रीला १०,००० येनपर्यंत नेण्याचे ठरले. प्रवाशांसाठी वेगळ्या जलद बसगाड्याही सुरू केल्या. हे उपाय मोलाचे आहेत. आपल्याकडच्या नगरपालिकांनी त्यांतले निम्मे जरी मनावर घेतले तरी पुष्कळ होईल.

पण क्योटोचे दुसरे एक चित्र आहे. मध्ययुगात तेथील नदीकाठच्या कोरड्या पात्रात 'कावारामोनो', म्हणजे नदीकाठची माणसे, राहत. त्या जमिनीवर सारा नव्हता, म्हणून मालकी नव्हती, आणि मालकी नव्हती म्हणून या माणसांना तेथे राहू दिले जाई. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, विहिरी खणणे, माती-दगड वाहणे ही त्यांची कामे. बौद्ध धर्मातील अहिंसा आणि शिंतो परंपरेतील विटाळ यांचा असा काही संयोग तेथे झाला की, मृत्यूला हात लावणारा माणूस स्वतःच अशुद्ध ठरला. आपल्या धम्माच्या नावाने दुसऱ्या एका देशात हे घडावे, याचाही विचार आपण कधीतरी केला पाहिजे.

याच माणसांनी क्योटोच्या बागा रचल्या. ज्या दगड-वाळूच्या बागांपुढे आज जगभरचे प्रवासी तासन्‌तास मौन धरून बसतात, त्या कलेचा पंधराव्या शतकातला मोठा कारागीर झेनआमी हा कावारामोनो होता. शोगुन आशिकागा योशिमासा त्याची कदर करी. र्‍योआनजीच्या जगप्रसिद्ध बागेतील एका दगडाच्या मागल्या बाजूस दोन नावे कोरलेली आहेत. एक कोतारो, दुसऱ्याचे एक अक्षर पुसट झालेले. ही नावे तेथे राबलेल्या कावारामोनोंची असावीत, असे अभ्यासक मानतात. झेनआमीचा नातू माताशिरो यानेही बागकामात नाव कमावले. हिंसेचा धंदा करणाऱ्या घरात आपण जन्मलो याचे त्याला वाटणारे दुःख एका भिक्षूच्या रोजनिशीत १४८९ साली नोंदले गेले आहे. एवढा मोठा कलावंत, आणि त्याच्या तोंडी कलेचा अभिमान नाही, जन्माची खंत आहे! चोखोबांच्या अभंगांवर वाढलेल्या वाचकाला हा स्वर ओळखीचा वाटेल.

पुढे तोकुगावा राजवटीत ही उतरंड कायद्याने पक्की झाली. १८७१ च्या फर्मानाने ती कागदावर रद्द झाली. परंतु 'बुराकु', म्हणजे वस्ती, हाच शब्द माणसांची ओळख होऊन बसला. ज्याचा पत्ता त्या वस्तीतला, तो माणूस त्या जातीचा. १९७५ मध्ये असे उघडकीस आले की, देशभरच्या बुराकु वस्त्यांच्या नावांच्या याद्या छापून चोरून विकल्या जात होत्या, आणि नोकरभरतीच्या वेळी उमेदवाराचा पत्ता ताडून पाहण्यासाठी मोठमोठ्या कंपन्या त्या विकत घेत होत्या. आपल्याकडे आडनाव विचारतात, तेथे पत्ता. तेव्हा 'रहिवासी' हा शब्द क्योटोच्या त्या माणसाच्या कानांवर कसा पडत असेल? इतरांसाठी तो हक्काचा शब्द आहे. त्याच्यासाठी रहिवास हाच पुरावा होता, त्याच्याविरुद्ध वापरला जाणारा.

क्योटोच्या मुख्य रेल्वे-स्थानकाला लागूनच पूर्वेला सूजिन हा भाग आहे. शहरातील फार मोठी बुराकु वस्ती येथे होती. इतर बँका या माणसांना कर्ज देत नसत, म्हणून १८९९ मध्ये येथल्या माणसांनी स्वतःची यानागिहारा बँक काढली. तिची १९०७ ची लाकडी इमारत आज वस्तीचे संग्रहालय आहे. ३ मार्च १९२२ रोजी याच क्योटो शहरात सुइहेइशा ही बुराकु जनतेची संघटना स्थापन झाली. कोणाच्या दयेची वाट न पाहता आपली मुक्ती आपणच मिळवू, हा तिचा पवित्रा होता. महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी झाला. समुद्रापलीकडे, एकमेकांची ओळखही नसताना, दोन अस्पृश्य समाज एकाच दशकात एकाच निष्कर्षावर आले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती.

१९६९ ते २००२ या काळात सरकारने विशेष कायद्यान्वये वस्ती-सुधारणेवर मोठा खर्च केला. घरे, रस्ते, गटारे झाली. ही मिळकत संघर्षाची आहे. मात्र दरम्यान सूजिनमधील लोकसंख्या घटत गेली, जमीन मोकळी होत गेली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये क्योटो नगर कला विद्यापीठ तेथे हलवण्यात आले. विद्यापीठ येणे वाईट नव्हे. मी स्वतः शिक्षक आहे, कारखान्यापेक्षा विद्यापीठ बरे असेच म्हणेन. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जी जमीन विटाळाची म्हणून कोणी पाऊल ठेवत नव्हते, तीच स्थानकाजवळची मोक्याची जमीन ठरली. विटाळ माणसाला चिकटला, जमिनीला नाही. माणूस हलला की जमीन शुद्ध! जगातल्या कुठल्याही जुन्या शहराच्या विकास-आराखड्यात हे गणित तपासून पाहावे. बहुतेक ठिकाणी ते जुळेल.

३

शहर प्रवाशाच्या डोळ्यांपुढे येण्याआधी ते साहित्यात 'प्रेक्षणीय' झालेले असते. यासुनारी कावाबाता यांची 'प्राचीन राजधानी' या अर्थाच्या नावाची कादंबरी १९६२ साली पुस्तकरूपाने आली. पुढे १९६८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. किमोनोच्या व्यापाऱ्याच्या घरी वाढलेली चिएको, फुलणारी झाडे, ऋतूंमागून येणारे उत्सव, विणकर आणि देवळे असे हे क्योटो आहे. चिएकोची जुळी बहीण देवदारांच्या जंगलात राबणारी आहे, तेव्हा कावाबातांना कष्ट दिसलेच नाहीत असे म्हणता येणार नाही. पण या कादंबरीत कष्टही सुंदर होऊन येतात. नदीकाठची वस्ती त्या सौंदर्याच्या चौकटीत येत नाही.

त्याच सुमारास, १९६१ पासून, सुए सुमी या लेखिकेची 'पूल नसलेली नदी' ही खंडशः प्रसिद्ध होणारी कादंबरी सुरू झाली होती. तिचे क्षेत्र क्योटोशेजारचे नारा. विषय बुराकु मुलांचे बालपण आणि सुइहेइशाचा उदय. त्याहीआधी १९०६ मध्ये तोसोन शिमाझाकी यांनी 'मोडलेली आज्ञा' या अर्थाच्या कादंबरीत आपली जात लपवून शिकवणारा एक तरुण शाळामास्तर उभा केला. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा ज्यांनी वाचली आहे, त्यांना त्या मास्तराची घुसमट समजावून सांगायची गरज नाही.

काशीचेही असेच आहे. हिंदीतील काशी म्हणजे घाट, पान, मोकळी वाणी, अस्सीवरच्या गप्पा आणि एक प्रकारचे फक्कडपण. काशीनाथ सिंह यांच्या 'काशी का अस्सी'मध्ये या जगाची मौज आहे आणि बाजार त्या जगाला कसा गिळतो याची तिरकस जाणीवही आहे. ती कलाकृती लहान नाही. पण आझमगडच्या एका दलित कुटुंबातून शिकायला आलेल्या तुलसीराम यांनी आपल्या आत्मकथनाच्या दुसऱ्या भागाला 'मणिकर्णिका' हे नाव दिले, तेव्हा त्याच शहराचा अर्थ पालटला. पहिला भाग 'मुर्दहिया', म्हणजे गावाबाहेरची प्रेतांची आणि मेल्या जनावरांची जागा. गावच्या मसणातून निघालेला मुलगा शहरात येतो, विद्यापीठात शिकतो, बुद्धाकडे आणि मार्क्सकडे वळतो, आणि ते शहरही एका मसणाच्या नावाने ओळखतो. प्रवाशाला मणिकर्णिका हा मोक्षाचा देखावा वाटतो. तुलसीरामांना ती जगण्याच्या वाटेवरची एक जागा वाटते. 'गोलपिठा'ने १९७२ मध्ये मराठी कवितेतल्या मुंबईला जे केले, त्याची येथे आठवण होते. मार्गदर्शिकेत नसलेला पत्ता साहित्यात आला की शहराचा नकाशा बदलतो.

४

आता काशीकडे वळू. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे, लोकांच्या बोलीत 'कॉरिडॉर'चे, उद्‌घाटन झाले. सरकारी माहितीनुसार मंदिराचे आवार पूर्वी सुमारे ३,००० चौरस फूट होते, ते सुमारे पाच लाख चौरस फूट झाले. त्यासाठी ३०० हून अधिक मालमत्ता घेतल्या गेल्या आणि सुमारे १,४०० दुकानदार, भाडेकरू व घरमालकांचे पुनर्वसन झाले. मंदिरापासून गंगेपर्यंत सरळ दिसू लागले. भाविकांची सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. अरुंद गल्लीत म्हाताऱ्या माणसांची चेंगराचेंगरी होणे ही काही संस्कृती नव्हे.

परंतु सरकारी वाक्यातील क्रम पाहा : दुकानदार, भाडेकरू, घरमालक. ज्याच्याकडे कागद आहे, निदान भाड्याची पावती आहे, तो रहिवासी. ज्याच्या आजोबाने घाटाच्या पायऱ्यांशी पाल ठोकले, जी बाई चार घरची भांडी घासून जिन्याखाली निजते, जो सफाई कामगार ठेकेदाराच्या हजेरीपटावर आज आहे आणि उद्या नाही, तो या क्रमात कुठे बसतो? ज्याची मोजणीच झाली नाही त्याचे जीवनमान घटले की वाढले, हे कोणी कसे सांगावे?

डोम समाजाचा प्रश्न याहून कठीण आहे. तो लपलेला नाही, उलट सर्वांत जास्त पाहिला जाणारा आहे. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर चिता रचणारा, अग्नी देणारा, रात्रंदिवस धुरात उभा राहणारा माणूस पाहण्यासाठी नावा भरून प्रवासी येतात. छायाचित्रे काढू नका म्हणून सांगितले जाते, तरीही निघतात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत काशीचे डोमराजा जगदीश चौधरी पंतप्रधानांच्या उमेदवारी अर्जावर सूचक होते. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. एका व्यक्तीचा गौरव झाला याचा आनंद आहे. परंतु चितेजवळ राबणाऱ्या बाकीच्या डोमांच्या फुप्फुसांचे काय, त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय, आणि मुख्य म्हणजे हा धंदा सोडू म्हणणाऱ्या मुलाला दुसरी वाट कोणती, हे प्रश्न पदकाने सुटत नाहीत. 'राजा' ही पदवी आणि अस्पृश्यता ही वस्तुस्थिती एकाच माणसाच्या अंगावर घालण्याची किमया फक्त आपल्या समाजव्यवस्थेलाच जमते.

जात माणसाला जन्माने धंद्याशी जखडते आणि त्या जखडण्यालाच धर्म म्हणते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. पर्यटनाने या जखडण्याला आता दुसरे नाव दिले आहे : जिवंत वारसा. धंदा पिढीजात राहिला पाहिजे, कारण प्रवाशाला तो पिढीजात पाहायचा आहे. डोमाचा मुलगा वकील झाला तर प्रवाशाचे चित्र बिघडते. हा वारशाचा नवा धर्म आहे, आणि जुन्या धर्माइतकाच तो आपल्याला जागच्या जागी ठेवतो.

नावाड्यांचे पाहा. मल्लाह-निषाद समाजाचे पोट गंगेवर. २०१८ मध्ये मोठ्या क्रूझ-बोटी सुरू झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये काशीहून 'गंगा विलास' ही आलिशान नदी-सफर निघाली. प्रवासी वाढले, तसे नदीवर भांडवलही आले. वल्हे मारणाऱ्याने या वाढीत आपला वाटा मागितला तर त्याला परंपरेचा मान मिळतो, वाटा मिळतोच असे नाही.

आणि जो कोणालाच दिसत नाही तो म्हणजे गटारात उतरणारा. गंगा शुद्धीकरणाच्या पहिल्या योजनेचा आरंभ जून १९८६ मध्ये काशीतच झाला. त्यानंतर १९९३ चा आणि २०१३ चा कायदा आला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. भरपाईचा आकडा वाढतो याचा अर्थच असा की मृत्यू थांबलेले नाहीत. शहरात प्रवासी वाढतात म्हणजे हॉटेले वाढतात, संडास वाढतात, मैला वाढतो, कचरा वाढतो. हे ओझे शेवटी कोणाच्या डोक्यावर येते, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पर्यटनाच्या प्रत्येक आकड्याखाली झाडूचा एक आकडा असतो. तो कोणत्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला जात नाही.

५

येथे आपल्या बाजूनेही एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. कॉरिडॉरसाठी गल्ल्या पाडल्या गेल्या तेव्हा अनेक विचारवंतांनी हळहळ व्यक्त केली. गल्ल्यांतली आत्मीयता, मोहल्ल्याचे जुने सहजीवन, घराघरांतील देवळे, सारे गेले म्हणून. या हळहळीत खरेपणा आहे. पण आपण ती जशीच्या तशी उसनी घेऊ नये. त्या सहजीवनात आपला प्रवेश मागल्या दाराने होता. भंगी-वाडा आणि चामार-टोला त्या आत्मीयतेच्या बाहेर होता. जुने मोडले म्हणून रडणारे आणि नवे बांधले म्हणून टाळ्या वाजवणारे, दोघेही एकाच मालकीच्या वाड्याचा वाद घालीत असतात. आपला पक्ष तिसरा आहे.

शहराविषयी आपले नाते वेगळे आहे. बाबासाहेबांना खेड्याचे प्रेम नव्हते, आणि त्याला कारण होते. आपल्या पिढ्या गाव सोडून शहरात आल्या त्या गिरणीसाठी, रेल्वेसाठी, शाळेसाठी. शहरात निदान काही काळ कोणी जात विचारत नाही, या आशेवर आल्या. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. वडिलांनी गाव सोडले नसते तर हा लेख लिहिला गेला नसता. शहराने दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे धंदा बदलण्याची मुभा. जे पर्यटन शहराला पुन्हा गावगाड्यासारखे सजवते, ज्याचा-त्याचा बलुता-धंदा त्याच्या-त्याच्या जागी देखावा म्हणून मांडते, ते आपली हीच देणगी काढून घेते. म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी केवळ गर्दीचा आणि गोंगाटाचा नाही.

आणि काशीतच शहराचे दुसरे एक माप घडले होते. चांभाराच्या घरी जन्मलेल्या रविदासांनी बेगमपुऱ्याची कल्पना मांडली. ज्या शहरात दुःख नाही, कर नाही, आणि जिथे कोणालाही कुठेही मोकळेपणी फिरता येते, असे ते शहर. गेल ऑम्वेट यांनी २००८ मध्ये जातिविरोधी विचारवंतांच्या स्वप्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्या पुस्तकाच्या नावातच बेगमपुरा ठेवला. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. रविदासांच्या जन्मस्थानी, सीर गोवर्धनपूरला, जयंतीला पंजाबातून लाखो माणसे येतात. तीही यात्राच आहे, त्यांनाही प्रवासीच म्हणावे लागेल. पण ते काशीत देखावा पाहायला येत नाहीत. आपल्या माणसाच्या घरी येतात. आपण सारनाथला जातो तेही असेच. प्रवास वाईट आणि घर चांगले, अशी आपली मांडणी नाही. कोण कशासाठी येतो, आल्यावर कोणाला काय मिळते, हा हिशेब आपल्याला हवा आहे.

६

काशीचा हा नमुना महाराष्ट्रात पोहोचला आहे. काशीच्या धर्तीवर पंढरपुरातही कॉरिडॉर करण्याचा आराखडा २०२२ मध्ये पुढे आला. मंदिराभोवतीच्या घरमालकांनी व दुकानदारांनी विरोध केला. त्यांची भीती खोटी नाही. ज्याचे घर जाणार त्याने विरोध करू नये असे कोण म्हणेल? परंतु पंढरपूरचा रहिवासी एवढाच आहे काय?

लाखभर वस्तीचे हे गाव. आषाढीला त्याच्या कितीतरी पट माणसे येतात. या गर्दीचा मैला वारीच्या दिवसांत हाताने उचलावा लागतो, ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१४-१५ मध्ये न्यायालयाने शौचालये उभारण्याविषयी आणि चंद्रभागेच्या वाळवंटातील तंबूंविषयी आदेश दिले. म्हणजे ज्या वाळवंटात समतेचा गजर होतो, त्याच वाळवंटात पहाटे कोणीतरी डोक्यावर पाटी घेऊन फिरत होते. मे १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणाने मंदिराचे दार उघडले. मैल्याची पाटी उतरवण्यासाठी मात्र एकविसाव्या शतकात न्यायालयात जावे लागले. पंढरपूरच्या आराखड्यावर सभा होतील तेव्हा पहिल्या रांगेत कोण बसेल, आणि मेहतर समाजातली बाई त्या सभेत बोलू शकेल काय, यावर मी त्या आराखड्याची परीक्षा करीन.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. परंपरा सांगते की, मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर राबत असताना भिंत कोसळून चोखोबा गेले. म्हणजे महाराष्ट्राच्या या थोर कवीचा मृत्यू शहराची तटबंदी बांधताना दरडीखाली झाला. आज जुन्या तटबंदीला वारसा म्हणतात. र्‍योआनजीच्या दगडामागे निदान दोन नावे तरी राहिली. आपल्या किल्ल्यांच्या, वेशींच्या, घाटांच्या दगडांमागे एकही नाव नाही.

७

मग करायचे काय? केवळ नकार देऊन थांबणे आपल्याला परवडणारे नाही, कारण या शहरांत पर्यटनावर पोट भरणारी आपली माणसे आहेत. मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत.

पहिली, मोजणी. मालमत्तेच्या कागदावर रहिवासी ठरवू नका. जो त्या शहरात राबतो आणि निजतो तो रहिवासी. पालातला, फूटपाथवरचा, ठेकेदाराकडचा, सगळे त्यात आले पाहिजेत. दुसरी, पैसा. क्योटोसारखा मुक्काम-कर आपल्याकडे येवो वा न येवो, प्रवाशांकडून मिळणाऱ्या उत्पन्नाचा पहिला हिस्सा गटारांच्या यंत्रांवर, सफाई कामगारांच्या कायम नोकऱ्यांवर आणि त्यांच्या घरांवर खर्च व्हावा. दिव्यांची रोषणाई त्यानंतर. तिसरी, धंदा सोडण्याचा हक्क. डोमाच्या, मेहतराच्या, नावाड्याच्या मुलाला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्या कामाची हमी द्या. जो आपल्या खुशीने राहील तो मानाने आणि पुऱ्या मजुरीने राहील. पण जन्माने कोणी राहणार नाही. चौथी, स्मृती. सूजिनच्या माणसांची बँक आज त्यांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. आपल्या प्रत्येक जुन्या शहरात, जेथे राजवाड्याचे संग्रहालय आहे तेथे झाडूचे, चामड्याचे, चितेचे आणि सत्याग्रहाचेही संग्रहालय हवे, आणि ते ज्यांचे श्रम त्यांच्या हाती हवे. दुसऱ्याने मांडले तर तोही एक देखावाच होईल.

पाचवी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे. आमच्या महाविद्यालयातली मुले सहलीला जातात आणि परत येऊन घाटांची, कळसांची छायाचित्रे दाखवतात. ती छायाचित्रे त्यांनी काढलेली असली तरी नजर दुसऱ्या कोणाची असते. आपल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी मुलांना त्या शहरातल्या शेवटच्या वस्तीत नेले पाहिजे. नळाला पाणी किती वेळ येते, शाळा किती दूर आहे, झाडणाऱ्याला पगार कोण देतो, हे विचारायला शिकवले पाहिजे. आपल्या लेखकांनी ही शहरे लिहिली पाहिजेत. मुंबईचा गोलपिठा लिहिला गेला. पंढरपूरची मेहतर गल्ली, नाशिकचा गोदाघाट, तुळजापूरचे मागले दार अजून पुरते लिहिले गेलेले नाही.

समतोल हा शब्द आपण टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. तराजू आपल्या हाती यावा, एवढेच म्हणतो. शहर चांगले की वाईट, हे प्रवाशाच्या समाधानावरून किंवा घरमालकाच्या तक्रारीवरून ठरणार नाही. ज्या दिवशी गटारात उतरायला माणूस मिळत नाही म्हणून नगरपालिकेला यंत्र आणावेच लागेल, आणि तो माणूस का मिळाला नाही तर त्याची पोरे शिकून दुसरीकडे गेली म्हणून, त्या दिवशी त्या शहराचे जीवनमान सुधारले असे आपण समजू.